वर्तुळे मोजणारे भाऊ

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीबरोबर निफाडला गेले होते. काम नेहमीचेच, तिचे दर एकवीस दिवसांचे इंजेक्शन. दवाखान्यात नवीन सिस्टर होत्या, अगदी लहान वयाच्या. सुई टोचता टोचता त्यांनी विचारले, "आजी, किती वर्षं झाली हे घेताय?" धाकटी म्हणाली, "एकोणीसशे सहासष्टच्या दिवाळीपासून." सिस्टरना वाटले आजींची काहीतरी गफलत होते आहे. त्यांनी माझ्याकडे बघितले, मी मान हलवली. खरेच आहे ते. वर्षाला सतरा धरली तरी आतापर्यंत हजार इंजेक्शने झाली!

परत येताना गाडीत ती गप्प होती. नैताळे मागे पडल्यावर एकदम म्हणाली, "ताई, त्या बाटलीवर बारा लाख युनिट लिहिलेलं असतं. बारा लाख काय गं?"

मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. मुलांच्या प्रश्नाला "बघून सांगते" म्हणायची लाज कधी वाटली नाही. पण या प्रश्नाला "युनिट म्हणजे एकक" असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि नंतर दोन दिवस ते टोचत राहिले. साठ वर्षे जे औषध आपल्या घरात येते आहे त्याच्या बाटलीवरचा आकडा आपल्याला कळू नये? मग नातवाला हाताशी धरून वाचायला बसले. वाचता वाचता पिंपरीच्या भाऊंचे दिवाळीतले बोलणे आठवू लागले आणि त्यातले तेव्हा न कळलेले बरेचसे आता कळले. तेच लिहिते आहे. विज्ञानातल्या चुका जाणकारांनी सांभाळून घ्याव्यात, मी बी.ए.वाली बाई!

आधी घरचे थोडे सांगते. माझे माहेर लासलगाव. मला एक मोठा भाऊ होता, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. १९५३ च्या पावसाळ्यात तो न्यूमोनियाने गेला. मी दोन वर्षांची होते, मला त्याचा चेहराही आठवत नाही. आई एवढेच म्हणायची, "औषध निघालं होतं गं, पण आपल्याकडे पोचलं नव्हतं." या वाक्यात राग नसायचा. पाऊस आला नाही असे सांगावे तसे ती सांगायची.

धाकटी १९५५ ची. अकरा वर्षांची असताना तिचा घसा सुजला, तो बरा झाला, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन एकेक सांधा धरू लागला. आज गुडघा, उद्या मनगट. नाशिकच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि वडिलांना बाहेर बोलावले. संधिवाताचा ताप, हृदयाच्या झडपेला इजा झाली आहे. घशातला तो जंतू (स्ट्रेप्टोकोकस त्याचे नाव) पुन्हा आला तर झडप आणखी बिघडणार, म्हणून तो येऊच द्यायचा नाही. त्यासाठी हे हळूहळू अंगात उतरणारे पेनिसिलीन, दर तीन आठवड्यांनी. पुढे मुंबईला फुगा घालून झडप मोकळी केली, तरी इंजेक्शन चालूच राहिले. तिचे लग्न, दोन मुले, नातवंडे, सगळे या एकवीस दिवसांच्या गाठी मारत मारत झाले.

आता भाऊंबद्दल. हे माझे मोठे मामेभाऊ. इंटर सायन्स झाले आणि १९६१ मध्ये पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत चिकटले. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली एच.ए. कंपनी. आमच्या नात्यात सरकारी कारखान्यात लागलेला पहिलाच माणूस, त्यामुळे दिवाळीला आले की सगळे त्यांच्याभोवती. आजोबांनी विचारले, "तिथं करतोस काय?" भाऊ म्हणाले, "वर्तुळं मोजतो." एकच हशा! सरकार वर्तुळे मोजायचा पगार देते म्हणून कितीतरी वर्षे त्यांची थट्टा चालली होती. भाऊ शांत स्वभावाचे. ते हसायचे आणि चिवडा खायचे.

ती वर्तुळे कसली ते आधी सांगते, म्हणजे बारा लाखांचाही उलगडा होईल.

काचेच्या चपट्या बशीत आगर नावाची खळ ओततात, आपल्या चायना ग्रासची असते तशी थलथलीत. त्यात ठरावीक जंतू मिसळलेले असतात. त्यावर लहानशी पोकळ नळी उभी करून तिच्यात बुरशीच्या टाकीतले पाणी थेंब-दोन थेंब घालतात आणि बशी रात्रभर उबेला ठेवतात. सकाळी सगळ्या बशीवर जंतूंची साय धरलेली असते, पण नळीभोवती स्वच्छ गोल राहतो. तिथवर पेनिसिलीन पोचले आणि जंतू वाढले नाहीत. गोल जितका मोठा तितके पाण्यात औषध जास्त. भाऊ रोज सकाळी पट्टी लावून हे गोल मोजायचे, मिलिमीटरमध्ये.

युनिटची गोष्टही अशीच जंतूंवरून ठरलेली. १९४० च्या सुमाराला ऑक्सफर्डच्या लोकांकडे शुद्ध पेनिसिलीन नव्हतेच, तर वजन कशाचे करणार? म्हणून त्यांनी ठरवले की ५० मिलिलिटर मांसरसात ठरावीक जंतूंची वाढ जेमतेम थांबवील इतके औषध म्हणजे एक युनिट. पुढे शुद्ध औषध मिळाल्यावर वजन केले तर एक युनिट म्हणजे ग्रॅमचा सुमारे ०.६ दशलक्षांश भाग निघाला. मुंगीच्या पायावरची धूळसुद्धा याहून जड असेल.

आता गणित करू या. सुरुवातीची फ्लेमिंगची बुरशी एका मिलिलिटर पाण्यात एक-दोन युनिट द्यायची. दोन धरू. तर धाकटीच्या एका इंजेक्शनच्या बारा लाख युनिटना किती पाणी लागेल? सहा लाख मिलिलिटर. म्हणजे ६०० लिटर! मोठी तीन टिपाडे भरून बुरशीचे पाणी, एका टोचण्यासाठी. आणि गाळताना, शुद्ध करताना वाया जाते ते मी धरलेच नाही. मी हा हिशोब तीनदा केला, कारण मला वाटले शून्य चुकले.

हे कळल्यावर ऑक्सफर्डच्या त्या पोलिसाची गोष्ट नव्याने कळली. फ्लेमिंगला बुरशी दिसली १९२८ मध्ये, पण तिच्यातून औषध काढायचे काम फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९३९ नंतर हाती घेतले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते टोचले. चेहरा सडत चालला होता, एक डोळा काढावा लागला होता. तो सुधारू लागला. आणि औषध संपले. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून पुन्हा टोचत होते, इतकी टंचाई. पाचव्या दिवशी सगळे संपले आणि १५ मार्चला तो गेला. (गुलाबाचा काटा लागून त्याला हे झाले अशी गोष्ट मी वर्गात रंगवून सांगायचे. त्याच्या मुलीच्या सांगण्याप्रमाणे ती जखम बॉम्बहल्ल्यातली होती. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी दुरुस्ती करून घ्यावी.) औषध निघाले होते, पण पुरले नाही. आमच्या आईच्या वाक्याची सख्खी बहीणच ही.

मग ६०० लिटरचे बारा-पंधरा मिलिलिटर कसे झाले? हो, आज तेवढेच पुरते. आताच्या कारखान्यातली बुरशी लिटरमागे पन्नास ग्रॅमच्या घरात पेनिसिलीन देते, म्हणजे मिलिलिटरला ऐंशी हजार युनिट. बारा लाखांना एक पळीभर पाणी. टाक्या मोठ्या झाल्या, हवा खेळवायची रीत सुधारली, खाद्य सुधारले हे खरेच. पण मोठा वाटा बुरशीचाच. तीच बुरशी नाही राहिली. माणसांनी निवडून निवडून ती बदलली. आणि पाठ्यपुस्तकात याच भागाला एक ओळसुद्धा नसते. फ्लेमिंगची उघडी राहिलेली बशी असते, १९४५ चे नोबेल असते, आणि एकदम औषधाची बाटली.

निवड म्हणजे काय हे कळायला मला प्रयोगशाळेत जावे लागले नाही. आमचे सासरे, तात्या, कांद्याचे बी घरचेच करायचे. दिवाळीच्या आसपास चाळीतल्या कांद्याचे ढीग पडवीत ओतायचे आणि पाटावर बसून डोंगळे निवडायचे. जोडकांदा बाजूला. जाड मानेचा बाजूला. रंग फिका, बाजूला. शंभरात चार-पाच ठेवायचे. ते लावायचे, गोंडे धरू द्यायचे आणि त्याचे उळे पुढच्या साली पेरायचे. मी नवी सून असताना एकदा म्हटले, "तात्या, इतके चांगले कांदे का टाकताय?" तर म्हणाले, "मास्तरीण बाई, खायला चांगला आन् बियाला चांगला यात फरक असतो." पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रात एन-२-४-१ ही जात तयार झाली तीही अशी निवड करत करतच.

द्राक्षातही तेच, पण तिथे आणखी एक गंमत. थॉमसनच्या बागेत एखाद्या वेलीची एखादीच काडी अचानक वेगळी निघते. मणी लांब, घड मोकळा. कारण कुणाला कळत नाही, निसर्गानेच आतमध्ये काहीतरी फेरफार केलेला असतो. पाहणारा डोळस असेल तर ती काडी वेगळी वाढवतो. आपली 'तास-ए-गणेश' तासगाव तालुक्यात अशीच सापडली. सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी 'सोनाका' अशीच उचलली. शास्त्रात याला उत्परिवर्तन म्हणतात. माझ्या मुलाने चार वर्षांपूर्वी एका काडीला लाल चिंधी बांधली होती, मोठ्या आशेने. दोन हंगाम वाट पाहिली. काही नाही, बाकीच्यासारखीच निघाली. बहुतेक वेळा असेच होते, आणि हेच भाऊंच्या कामाचे खरे वर्णन आहे.

फरक एवढाच की काडी आपोआप बदलायची वाट शेतकरी बघतो, बुरशीवाल्यांना तेवढा वेळ नव्हता. युद्ध चालू होते.

१९४१ च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले आणि पिओरिया नावाच्या गावातल्या सरकारी शेती प्रयोगशाळेत पोचले. तो मक्याचा मुलूख. मक्याचा स्टार्च काढताना उरणारे भिजवणीचे पाणी तिथे फुकट पडलेले, ते बुरशीला घातले तर औषध कितीतरी पटीने वाढले. पण फ्लेमिंगची बुरशी पाण्यात बुडवून वाढवायला निकामी, ती वरच्या वर सायीसारखी धरायची. मोठ्या टाक्यांत वाढणारी दुसरी हवी म्हणून जगभरातून मातीचे नमुने मागवले. आणि सापडली कुठे? १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर! प्रयोगशाळेतल्या मेरी हंट या बाईंनी ते आणले असे सांगतात, सहकारी त्यांना बुरशीवाली मेरी म्हणायचे. नोंदवहीत त्या बुरशीला नंबर मिळाला १९५१. हे साल नव्हे, अनुक्रमांक. माझे जन्मसाल तेच, म्हणून लक्षात राहिले.

या खरबुजाच्या बुरशीपासून पुढची सगळी वंशावळ. तिच्यातली आपोआप निघालेली चांगली पोर आधी निवडली. मग तिच्या बीजाणूंवर डेमेरेक यांनी क्ष-किरण मारले. हजारो वाचलेल्यांतून एक निघाली, एक्स-१६१२, मिलिलिटरला पाचशेच्या आसपास युनिट. तिच्यावर विस्कॉन्सिन विद्यापीठात बॅकस आणि स्टॉफर यांनी अतिनील किरण मारले आणि १९४५ मध्ये क्यू-१७६ मिळाली, हजाराच्या जवळपास. धाकटीचे इंजेक्शन ६०० लिटरवरून सव्वा लिटरवर आले, चार-पाच वर्षांत.

किरणांनी नेमके काय होते, ते भाऊंनी एकदा आमच्या ओसरीवर सांगितले होते. तेव्हा अर्धे डोक्यावरून गेले. बुरशीची हिरवी भुकटी म्हणजे तिचे बी. ते पाण्यात कालवून दिव्याखाली धरायचे, इतका वेळ की शंभरातले नव्याण्णव मरावेत. मला हे फार क्रूर वाटले होते. पण जे मरत नाहीत त्यांच्यात कुठे ना कुठे मोडतोड झालेली असते आणि आपल्याला ती मोडतोडच हवी असते. बश्या मग अंधारात ठेवायच्या, कारण साध्या उजेडाने ती इजा भरून येते. (हे खरे आहे, केल्नर नावाच्या शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दाखवले.) उरलेल्या प्रत्येक बीजाणूचा एकेक ठिपका वाढतो. प्रत्येक ठिपका वेगळ्या बाटलीत. त्या बाटल्या यंत्रावर रात्रंदिवस हलत राहतात, पाळण्यासारख्या. आठवड्याने प्रत्येक बाटलीचे पाणी बशीवर, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ पट्टी घेऊन हजर.

"मग चांगलं किती निघतं?" मी विचारले होते.

"बहुतेक आईपेक्षा वाईट निघतात. काही तिच्यासारखीच. शेकड्यांत एखादं गोल मिलिमीटरभर मोठं दिसतं. मग ते परत लावायचं. परत लावलं की नव्वद टक्के वेळा फसवतं."

"आणि दहा टक्के?"

"मग साहेब चहा पाजतात."

लासलगावला २००२ मध्ये भाभा अणुकेंद्राचे 'कृषक' सुरू झाले, तिथे कोबाल्टच्या किरणांखालून कांदे जातात, म्हणजे त्यांना कोंब फुटत नाहीत. आमच्याकडे तेव्हा बरीच कुजबुज होती, किरणांचा कांदा खावा की नाही वगैरे. मला मात्र भाऊंचा दिवा आठवला. किरण तर किरणच. एकीकडे कोंब थांबवतात, दुसरीकडे बुरशीची पोर बदलून टाकतात.

यात एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. हे सगळे करणाऱ्यांना आत काय बदलते हे ठाऊकच नव्हते. डीएनएचा आकार कळला १९५३ मध्ये, क्यू-१७६ त्याच्या आठ वर्षे आधीची. त्यांच्या हातात फक्त गोलाचे माप. या घराण्यातल्या एका बुरशीची संपूर्ण जनुकांची यादी २००८ मध्ये छापून आली. कारखान्यांतल्या काही फार चांगल्या बुरशी तपासल्यावर दिसले की पेनिसिलीन बनवणाऱ्या जनुकांचा गट त्यांच्यात एकाऐवजी पाच-सहा वेळा आला आहे. तात्यांनाही कांद्याच्या आत काय आहे ते ठाऊक नव्हते. मान बारीक एवढे ठाऊक होते.

आता पिंपरीकडे वळते. हाफकिन इन्स्टिट्यूटचे कित्येक वर्षे संचालक असलेले साहिबसिंग सोखी यांनी आपल्या देशाने पेनिसिलीन स्वतः करावे असा ध्यास घेतला होता. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. यंत्रसामग्री युनिसेफने दिली, तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेने. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेव्हा पिंपरी म्हणजे पुणे-मुंबई रस्त्यावरचे लहानसे गाव, तिथला हा पहिला मोठा कारखाना. माझा भाऊ गेला त्यानंतर दोन वर्षांनी. मी हा हिशोब आईसमोर कधी केला नाही.

भाऊ गेले तेव्हा तिथे वेगळीच हवा होती. संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रातले मोठे नाव. कारखान्याचे स्वतःचे संशोधन नियतकालिक निघत होते. १९६१ मध्ये मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक औषध मिळाले, त्याचे नाव हॅमायसिन ठेवले, यातला 'हॅ' म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. आणि त्या सूक्ष्मजीवाचे नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना! पिंपरीचे नाव लॅटिनमध्ये गेले याचा भाऊंना इतका अभिमान की घराचे नाव 'पिंप्रिना' ठेवावे असे त्यांच्या मनात होते. वहिनींनी ठेवू दिले नाही. शेवटी 'श्रमसाफल्य' झाले, पिंपरी-चिंचवडमध्ये असतात तेवढ्यांत एकाची भर.

आमच्या बागेच्या फवारणीच्या खोलीतही एच.ए.ची छोटी पाकिटे असायची, स्ट्रेप्टोसायक्लिनची. डाळिंबाच्या तेल्यावर तर सगळा कसमादे पट्टा ती वापरायचा. माणसाचे औषध झाडावर असे सरसकट मारू नये असे मला तेव्हाही वाटायचे. जंतूही निवड करतच असतात, आपण फवारू त्यातून जो वाचेल त्याची पैदास. फ्लेमिंगने १९४५ च्या भाषणातच हे बजावले होते. धाकटीच्या घशातला तो स्ट्रेप्टोकोकस मात्र अजूनही पेनिसिलीनला वश आहे, इतक्या वर्षांत तो शिकला नाही. आमचे नशीब, दुसरे काय.

भाऊंच्या बोलण्यात एक काळजी नेहमी असायची. वाण उतरतो. निवडलेली बुरशी नाजूक असते, बी कमी धरते, हळू वाढते. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे नुसते लावत राहिले तर तिच्यातली कमी औषध देणारी पण जोमदार पोरे पुढे सरसावतात आणि चार-सहा पिढ्यांत सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मूळ बी गोठवून, सुकवून बंद नळ्यांत ठेवायचे आणि निवड कधीच थांबवायची नाही. नुसते होते तिथे राहायलासुद्धा रोज वर्तुळे मोजावी लागतात. तात्या गेल्यावर आमच्या घरात तीन वर्षे कुणी डोंगळे निवडले नाहीत. चौथ्या वर्षी निम्मे जोडकांदे! मग बी विकत आणू लागलो, ते आजतागायत.

देशाचेही काहीसे तसेच झाले. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठाने आपल्या बुरशी कारखान्यांना मोकळेपणाने वाटल्या होत्या. पुढे प्रत्येक कंपनी आपापली बुरशी तिजोरीत ठेवू लागली. आपल्याला जास्त देणारा वाण परदेशातून विकत घ्यायची वेळ आली. भाऊंना ते लागले होते. "आपली पोर लंगडी नव्हती, आपण तिच्यामागे पुरेसे लोक लावले नाहीत," असे ते म्हणायचे. त्यात किती तथ्य आणि किती माया, मी ठरवू शकत नाही. बाहेर लोकांनी निवडीचा वेग इतका वाढवला होता की एकट्या कारखान्याला तो गाठणे अवघडच होते. नव्वदीनंतर चीनचा स्वस्त माल आला. १९९७ मध्ये एच.ए. आजारी उद्योगांत गणली गेली. देशातले पेनिसिलीन जी करणारे खाजगी कारखानेही एकेक करून थांबले आणि मूळ माल बाहेरून येऊ लागला.

स्वस्त मिळतेय तर काय बिघडले, असे मीही म्हणत असे. मग काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात धाकटीचे इंजेक्शन मिळेना. निफाड, लासलगाव, येवला झाले. नाशिकला मुलाने दहा-बारा दुकाने पालथी घातली. "माल येत नाही काकू, त्यात मार्जिनच नाही," एका दुकानदाराने सरळ सांगितले. त्याचा तरी काय दोष? एकविसाचा तिसावा दिवस झाला, मग पस्तिसावा. धाकटी रोज सकाळी आरशासमोर तोंड उघडून घसा बघायची आणि मला फोन करायची, "लाल नाहीये गं." शेवटी भाचीने बंगळुरूहून पाठवल्या चार बाटल्या. त्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीमागे ठेवल्या, आणि मी माझ्याही नकळत आईचे वाक्य उलटे म्हणून गेले. आपल्याकडे पोचलं होतं, आता येत नाही.

तेव्हा भाऊ हयात होते, पंच्याऐंशीला टेकलेले. फोनवर सांगितले तर बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "किती युनिटचं आहे?" मी म्हटले, "बारा लाख." "बारा लाख," ते म्हणाले, "एवढं तर आमच्या बाटल्या धुताना मोरीत जायचं."

२०२४ मध्ये आंध्रात काकिनाड्याला पेनिसिलीन जीचा नवा मोठा कारखाना सुरू झाल्याची बातमी वाचली, सरकारी प्रोत्साहन योजनेतला. वर्षाला पंधरा हजार टनांची क्षमता. भाऊंना सांगायला हवे होते, पण ते त्याआधीच गेले. तिथे कुणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी सकाळी बश्या घेऊन बसत असेल. आता पट्टी नसेल, यंत्र मोजत असेल.

परवा धाकटीला हे सगळे सांगितले. ६०० लिटर ऐकून ती म्हणाली, "म्हणजे हजार इंजेक्शनांचं किती गं?" सहा लाख लिटर. येवल्याकडे उन्हाळ्यात धावतात तसले पाण्याचे पन्नास-साठ टँकर. तिने डोळ्यांपुढे ते टँकर उभे केले असावेत, कारण थोडा वेळ गप्प बसली. मग कॅलेंडर उतरवून पुढच्या तारखेला गोल केला, आणि म्हणाली, "मंगळवार येतोय. तुझ्या मुलाला गाडी काढायला सांग, मला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत आता."